रानातल्या गाडीवाटांची मोजदाद

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत जीप किंवा मोटारसायकल घेऊन जाणाऱ्याला एक नकाशा फुकट मिळतो. ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ असं त्याचं नाव. पहिल्यांदा पाहणाऱ्याची तो निराशाच करतो. काळापांढरा कागद, त्यावर जाड-बारीक, अखंड-तुटक रेघा, प्रत्येक रेघेला एक क्रमांक आणि बाजूला कोष्टकं. डोंगराची उंची सांगणाऱ्या समोच्च रेषा नाहीत, हिरवा-निळा रंग नाही. तरीही त्या भागातल्या कुठल्याही देखण्या नकाशापेक्षा या कागदाचं वजन जास्त आहे, कारण तो कायद्याचा कागद आहे. त्यावर जी वाट छापली आहे तिच्यावरूनच गाडी न्यायची. जी छापलेली नाही ती बंद, मग जमिनीवर चाकोरी लख्ख दिसत असो आणि तिथे मनाईची एकही पाटी नसो. मोडलं तर 5,000 डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

या रेघांपैकी कित्येकींमागे सरकारी मोजणीदार नाहीत. जीप आणि मोटारसायकलवाल्यांच्या क्लबांतली माणसं सुटीच्या दिवशी स्वतःच्या गाडीत स्वतःच्या पैशाचं पेट्रोल घालून रानात गेली, जीपीएस लावून एकेक वाट पालथी घातली आणि ती नोंद वनखात्याच्या हवाली केली. नकाशा करणं हे सरकारचं काम, असं आपण धरून चालतो. इथे ते हौशी लोकांनी अंगावर घेतलं. त्यातून जे प्रश्न उभे राहिले ते गाड्यांच्या हौसेपुरते राहिले नाहीत, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आधी या वाटा आल्या कुठून ते पाहू. लाकूडतोडीसाठी, खाणींसाठी, वणवे विझवण्यासाठी, गुरांच्या चराईसाठी काढलेले कच्चे रस्ते अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रानांत पूर्वीपासून होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि या रस्त्यांना नवे प्रवासी मिळाले. कॅलिफोर्नियात जॉर्जटाउनहून टाहो सरोवराकडे जाणाऱ्या रुबिकन वाटेवर 1953 पासून जीपवाल्यांचा मेळा भरतो. युटा राज्यातल्या मोआब गावाभोवती 1950 च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी लाल खडकांतून बुलडोझरने वाटा काढल्या. युरेनियमची लाट ओसरली, वाटा मागे राहिल्या, आणि 1967 पासून तिथे ईस्टरच्या सुटीत जीपची सफर सुरू झाली. पुढे हलक्या मोटारसायकली आल्या, फुगीर टायरांच्या एटीव्ही आल्या. या गाड्यांना रस्ता लागतच नव्हता. एक गाडी झुडपांतून गेली, तिच्या मागून दुसरी गेली, दोन-तीन हंगामांत तिथे वाट पडली. वनखात्यानेच दिलेल्या आकड्यांनुसार अशा गाड्या वापरणारे लोक 1972 साली सुमारे 50 लाख होते, 2000 साली 3 कोटी 60 लाख.

सरकारने याकडे काणाडोळा केला होता असं नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी 1972 मध्येच आदेश काढला होता की सरकारी जमिनीवरच्या वाटा ठरवताना माती, पाणलोट, झाडोरा आणि वन्यजीव यांची हानी कमीत कमी होईल असं पाहावं आणि इतर लोकांशी संघर्ष टाळावा. 1977 मध्ये कार्टर यांनी त्याला धार दिली: जिथे मोठी हानी दिसते तिथे ताबडतोब बंदी घाला. आदेश झाले, पण राष्ट्रीय वनांच्या बऱ्याच भागांत व्यवहार जुनाच राहिला. जी जागा बंद केलेली नाही ती खुली, हा तो व्यवहार. नोव्हेंबर 2005 मध्ये वनखात्याने नवा नियम आणून तो पुरता उलटा केला. आता जी वाट खुली म्हणून जाहीर केली आहे तेवढीच खुली, बाकी सारं बंद. ज्याच्या आधाराने हे ठरणार तो कागद म्हणजे वर सांगितलेला नकाशा.

मोठी अडचण इथेच होती. आपल्या हद्दीत वाटा किती आणि कुठे, हे खात्याला ठाऊक नव्हतं. राष्ट्रीय वनांचं क्षेत्र सुमारे 7 लाख 80 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. खात्याने स्वतः बांधलेल्या रस्त्यांची नोंद होती, लोकांनी चाकांनी पाडलेल्या वाटांची नव्हती. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत उघड्या माळावरची चाकोरी दिसते, पण पाइन आणि फरच्या छताखालची दिसत नाही. शिवाय दिसलेली रेघ गुरांची आहे की मोटारसायकलची, मध्ये फाटक आहे का, ओढा ओलांडताना काठ ढासळला आहे का, हे वरून कळत नाही. ते कळायला त्या वाटेने जावंच लागतं.

त्या वाटेने जाणाऱ्या माणसांच्या हाती नेमकं त्याच सुमारास योग्य साधन आलं होतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा काढतं. 1995 मध्ये ही व्यवस्था पूर्ण झाली तरी नागरी वापराच्या संकेतात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, आणि त्यामुळे यंत्राने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे 2000 च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ही भेसळ थांबली. एका रात्रीत खिशातलं यंत्र दहा-वीस मीटरांच्या आत जागा सांगू लागलं. शंभर मीटर चुकणाऱ्या यंत्राने ओढ्याच्या अल्याडची वाट आणि पल्याडची वाट वेगळ्या दाखवता येत नाहीत. दहा मीटर चुकणाऱ्याने येतात. वाटांची मोजदाद सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती यामुळे.

तरी हे काम गाडी हाकण्याइतकं सोपं नाही. दोघांची जोडी असावी लागते: एक गाडी चालवणारा, एक लिहिणारा. यंत्र दर काही सेकंदांनी किंवा दर काही मीटरांनी एक बिंदू टिपतं, आणि हे बिंदू जोडले की वाटेची रेघ मिळते. वळणावळणाच्या वाटेवर बिंदू विरळ घेतले तर वळणं कापली जातात आणि नकाशावरची वाट प्रत्यक्षापेक्षा आखूड भरते. गाडी थांबवून जेवायला बसलं आणि नोंद चालूच राहिली, तर यंत्र एकाच जागी इकडे-तिकडे भटकून लोकरीच्या गुंड्यासारखा गुंता करून ठेवतं. अरुंद दरीत संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोचतात आणि वाट कड्याच्या आत शिरलेली दिसते. दाट झाडीत संकेतच क्षीण होतो. म्हणून जाणकार माणूस एकच वाट जाताना आणि येताना दोनदा टिपतो, आणि फाट्यावर थांबून त्याच जागेची अनेक मोजमापं घेऊन सरासरी काढतो. फाटा चुकला तर पुढचं सगळं जाळं चुकतं.

एक चूक मात्र यंत्राची नसते आणि तिने नवख्यांना फार छळलं. अमेरिकेचे जुने छापील स्थलदर्शक नकाशे 1927 च्या मापन-आधारावर बेतलेले होते. त्याचा मूळ बिंदू कॅन्सस राज्यातल्या मीड्स रँच इथला. जीपीएस पृथ्वीचा वेगळा, जागतिक आधार धरतं. यंत्रातला हा पर्याय न बदलता आकडे जुन्या नकाशावर उतरवले, तर पश्चिम अमेरिकेत जागा शंभरेक मीटर सरकते, आणि मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत उत्तर-दक्षिण सुमारे 200 मीटर. डोंगरधारेवरची वाट नदीत उतरते. आपल्याकडे सह्याद्रीत भटकणाऱ्यांनाही हा अनुभव येतो, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटना ‘एव्हरेस्ट’ नावाचा वेगळा मापन-आधार आहे. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठी निघालेल्या शीट जागतिक आधारावर आल्या. जुनी शीट मोबाइलवर चढवून तिच्यावरच्या पाऊलवाटेशी आपला निळा ठिपका जुळत नाही म्हणून वैतागणाऱ्याने आधी हे तपासावं.

रेघेइतकीच महत्त्वाची असते रेघेसोबतची माहिती. रुंदी किती, माती की खडक, चढ किती, पाणी कुठे ओलांडलं जातं, कुठे चर पडले आहेत, पडलेल्या झाडाला वळसा घालून नवी वाट पडली आहे का, मुक्कामाच्या जागा कुठे. रुंदीचा प्रश्न तर फारच निर्णायक ठरला. वनखात्याच्या वर्गवारीत 50 इंच किंवा त्याहून अरुंद गाड्यांच्या वाटा वेगळ्या मानल्या जात. 50 इंच म्हणजे 127 सेंटिमीटर, एका एटीव्हीची रुंदी. शेजारी-शेजारी दोघं बसतील अशा नव्या गाड्या याहून रुंद असत, म्हणून त्यांना या वाटा बंद होत्या. मग 2007 मध्ये पोलॅरिस कंपनीने बरोब्बर 50 इंच रुंदीची तशी गाडी बाजारात आणली. नकाशाच्या एका रकान्याने गाडीचा आकार ठरवला, हे मला या सगळ्या कहाणीतलं एक विलक्षण उदाहरण वाटतं.

आता खऱ्या पेचाकडे येतो. क्लबांतल्या लोकांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आपल्या लाडक्या वाटा सरकारला दाखवल्या की सरकार त्या बंद करणार, तेव्हा गप्प बसावं. दुसऱ्याचं म्हणणं, न दाखवलेली वाट नकाशावर येणार नाही आणि नकाशावर न आलेली वाट आपोआप बंद होणार, तेव्हा दाखवलीच पाहिजे. 2005 चा नियम आणताना खात्याने स्पष्टच केलं होतं की लोकांनी पाडलेल्या सगळ्या वाटांची संपूर्ण यादी झाल्याशिवाय निर्णय घेता येणार नाही असं काही नाही. म्हणजे ज्या वाटेची नोंद कुणी आणून दिली नाही, तिचा विचारच होणार नव्हता. गप्प बसणाऱ्यांचा हिशेब इथे चुकत होता.

कॅलिफोर्नियाने यात वेगळं धोरण धरलं आणि ते अधिक शहाणपणाचं होतं. त्या राज्यात 1971 च्या कायद्याने रस्त्यावर न चालवायच्या गाड्यांची नोंदणी होते, गाडीला हिरवा स्टिकर लावतात आणि त्या शुल्काचा निधी वाटा आणि जमीन यांच्या देखभालीसाठी राखला जातो. 2003 मध्ये राज्य आणि वनखातं यांच्यात करार झाला आणि राज्यातल्या राष्ट्रीय वनांत आधी वाटांची यादी, मग निर्णय, असा क्रम ठरला. नोंद आणि परवानगी या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या राहिल्या. वाट आहे एवढंच आधी मान्य करायचं. ती राहावी की नाही यावर माती, पाणी, जनावरं, माणसं यांचा विचार करून नंतर भांडायचं. भांडणं झालीच, पण निदान दोन्ही बाजूंसमोर नकाशा एकच होता.

दोन्ही बाजू म्हणतो, कारण जीपीएस फक्त गाडीवाल्यांच्या हाती नव्हतं. 1989 मध्ये स्थापन झालेली ‘ग्रेट ओल्ड ब्रॉड्स फॉर वाइल्डरनेस’ ही वयस्क स्त्रियांनी सुरू केलेली संस्था. तिच्या स्वयंसेविका जीपीएस आणि कॅमेरा घेऊन याच रानांत फिरल्या आणि गाड्यांनी कुठे काय नासलं आहे याचे फोटो, अक्षांश-रेखांशासह, गोळा करत राहिल्या. ‘अमुक खोऱ्यात फार नुकसान झालं आहे’ या तक्रारीला अधिकारी मान डोलावतात. ‘या बिंदूपाशी, या तारखेला, हा फोटो’ या तक्रारीची फाइल उघडावी लागते. वाट खुली राहावी म्हणून नोंद करणारा आणि ती बंद व्हावी म्हणून नोंद करणारी, दोघांनी तीच रेघ टिपली, त्याच उपग्रहांच्या साह्याने.

त्या स्वयंसेविकांची कळकळ समजायला युटाच्या वाळवंटातली जमीन समजली पाहिजे. तिथे वाळूवर एक काळपट, खरबरीत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून तो विणलेला असतो. तो वाळू बांधून ठेवतो, पाऊस जिरवतो, हवेतला नायट्रोजन मातीत आणतो. एकदा चाक गेलं की तो चुरतो आणि पूर्ववत व्हायला दशकं लागतात, काही ठिकाणी शतकंही. म्हणजे ज्या चाकोरीला जीपीएस एका दुपारी टिपतं, तिची जखम टिपणाऱ्याच्या आयुष्यात भरून येणार नसते. त्याच राज्यातल्या रिकॅप्चर खोऱ्यात 2005 मध्ये लोकांनी परवानगीवाचून एटीव्हीची वाट काढली. तिथे प्राचीन पुएब्लो लोकांच्या वस्त्यांचे अवशेष आहेत. 2007 मध्ये सरकारने ते खोरं गाड्यांना बंद केलं. 2014 मध्ये काउंटीच्या एका निवडून आलेल्या आयुक्ताने निषेध म्हणून त्या बंद भागात एटीव्हीचा जथा नेला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

त्या निषेधामागची भावना परकी वाटू नये. युटात 1866 च्या खाणविषयक कायद्यातल्या एका ओळीचा आधार घेतला जातो. सार्वजनिक जमिनीवरून रस्ता नेण्याचा हक्क त्या ओळीने दिला होता. 1976 मध्ये ती रद्द झाली, पण तोवर जो हक्क निर्माण झाला तो शाबूत राहिला. म्हणून वाट कुठे आहे यासोबत ती 1976 पूर्वी लोकांच्या वहिवाटीत होती का, हे सिद्ध करावं लागतं. ते जीपीएस सांगू शकत नाही. त्यासाठी म्हाताऱ्या गुराख्यांच्या साक्षी आणि जुनी छायाचित्रं लागतात. आपल्याकडे पाणंद रस्त्यावर कुणी बांध घातला की मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारापुढे जे प्रकरण उभं राहतं, त्यातही हेच असतं: गावनकाशावर तुटक रेघांचा गाडीमार्ग आहे का, आणि नसला तर वहिवाट कुणाची, किती वर्षांची. नोंदीतून निसटलेली वाट पुन्हा मिळवताना शेतकऱ्याच्या दोन पिढ्या खर्ची पडतात, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको.

स्वयंसेवकांच्या नोंदीचा एक निखळ लाभही सांगितला पाहिजे. जीपीएस प्रत्येक बिंदूबरोबर वेळही टिपतं, त्यामुळे वाट कुठे आहे इतकंच नाही, तिच्यावरून जायला किती वेळ लागतो हेही कळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘ट्रॅक्स फॉर आफ्रिका’ने प्रवाशांनी दिलेल्या अशा नोंदींमधून नामिबिया, बोट्स्वाना आणि आसपासच्या देशांचे नकाशे केले आणि त्यांवर अंतरासोबत प्रवासाचा वेळ छापला. वाळूतून जाणाऱ्या 60 किलोमीटरना तीन तास लागणार की पाच, हे ज्याला आधी कळतं त्याचं पाणी आणि इंधन पुरतं.

2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर आता जगभरच्या वाटा अशाच स्वयंसेवकांच्या हातून चढतात. तिथे रुंदी, पृष्ठभाग, वाहनाला परवानगी आहे की नाही, या सगळ्याला रकाने आहेत. तिथला एक वाद बोधक आहे. बंद केलेली वाट नकाशावरून पुसून टाकावी, असं वनाधिकाऱ्यांना साहजिकच वाटतं. पण पुसली की दुसरा कुणीतरी उपग्रहचित्रात ती पाहतो आणि ‘राहून गेलेली वाट’ समजून पुन्हा काढतो, तीही खुली म्हणून. त्यापेक्षा ती ठेवावी आणि तिच्यावर ‘वाहनांना बंद’ अशी खूण करावी, हा मार्ग मला जास्त पटतो. अर्थात ती खूण न दाखवणारी अ‍ॅप आहेत, आणि त्यांच्यामुळे माणसं बंद वाटेवर जातात, हे खरं आहे. ती जबाबदारी अ‍ॅप करणाऱ्यांनी घेतली पाहिजे.

आपल्याकडेही सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, आता जीप आणि मोटारसायकली चढू लागल्या आहेत. जांभ्या खडकावरची इंचभर माती आणि तिच्यात पावसाळ्यापुरती उगवणारी वनस्पती चाकाखाली तग धरत नाही. अभयारण्यात परवानगीवाचून शिरणं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा फोनमध्ये वाट टिपणाऱ्या प्रत्येकाला विनंती: नोंद जरूर करा, पण रेघेबरोबर रुंदी, पृष्ठभाग आणि परवानगी यांचे रकाने भरा. वाट बंद असेल तर ती बंद आहे असं लिहा. आणि सड्यावर नव्याने पडलेली चाकोरी आढळली, तर ती सर्वांसाठी जाहीर करण्याआधी तिचे फोटो आणि अक्षांश-रेखांश तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन द्या.